सांवेर रोडची केबल आणि तिच्याभोवतीची काळी माती

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका काकूंचं सांवेर रोडच्या पुढे बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. काकांनी उभारलेलं, आणि ते गेल्यावर काकूंनी एकटीने चालवलेलं. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "अरे, अक्षय्य तृतीया झाली की आठ-पंधरा दिवसांत माझी केबल जळते. हे तिसरं वर्ष. चेंबर भरलेली असतात आणि वीज जाते. दर वर्षी नवा जॉइंट मारून मी थकले बाबा. तू एकदा येऊन बघ."

फॉल्ट शोधणं हे माझं रोजचं काम. पण एकाच महिन्यात, एकाच चरात, तीन वर्षं ओळीने केबल जाते म्हटल्यावर मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

मांडणी साधी होती. फाटकाजवळ ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. तिथून ११० मीटरवर मशीन रूममधलं मेन पॅनल. मधे जमिनीखालून दोन केबली, दोन्ही साडेतीन कोअर (तीन जाड तारा आणि एक साधारण निम्म्या जाडीची) ३०० चौरस मिलिमीटरच्या, ॲल्युमिनियमच्या, एक्सएलपीई या प्लॅस्टिकच्या इन्सुलेशनच्या, पट्टीचं आर्मर, म्हणजे धातूचं चिलखत, असलेल्या. दोन्ही एकाच चरात, एकमेकींना चिकटून, ७५ सेंटिमीटर खोल. खाली-वर रेतीची गादी, त्यावर विटा, त्यावर खणून काढलेलीच काळी माती. लो टेन्शन, म्हणजे कमी दाबाच्या, केबलीसाठी ७५ सेंटिमीटर खोली भारतीय मानक १२५५ मध्येच सांगितली आहे, तेव्हा ठेकेदाराने त्यात काही चुकवलेलं नव्हतं.

तिन्ही फॉल्ट ट्रान्सफॉर्मरपासून ४० ते ५५ मीटरच्या पट्ट्यात झाले होते. एका बाजूला कडुनिंबाची रांग, काकांनी स्वतः लावलेली. दुसऱ्या बाजूला बारदान ठेवायची पत्र्याची शेड, चार वर्षांपूर्वी बांधलेली. चर नेमका दोघांच्या मधून, शेडच्या पागोळीच्या आतल्या बाजूने जातो.

प्रत्येकाने आपापलं कारण काढून ठेवलं होतं. मुकादमाच्या मते केबलच हलक्या प्रतीची. सुपरवायझर म्हणाला, ऊन फार, जमीन तापते. केबल विकणाऱ्याने जॉइंटवर बोट ठेवलं. आणि ज्याने ते जॉइंट मारले तो जॉइंटर, ज्याला आसपासचे सगळे कारखानदार उस्ताद म्हणतात, शांतपणे मला म्हणाला, "भिया, मेरा जॉइंट तो आज भी साबुत है. केबल उसके बाजू में जली है." त्याचं म्हणणं खरं निघालं. दुसऱ्या वर्षीचा फॉल्ट पहिल्या जॉइंटपासून तीन मीटरवर होता, तिसऱ्या वर्षीचा आणखी चार मीटर पुढे. जॉइंट मारणारा माणूस बदलला असता तरी काही फरक पडला नसता.

लोडची नोंद पाहिली. मेमध्ये चारही कॉम्प्रेसर जवळपास चोवीस तास चालतात, कारण बाहेर ४२-४३ अंश आणि कंडेन्सरला दम खायला वेळ नाही. एकूण ५२० अँपिअर. क्लॅम्प मीटरने एका केबलीत २६५, दुसरीत २५५. ट्रान्सफॉर्मरची क्षमता ४३३ व्होल्टला ६६७ अँपिअर. ब्रेकर ५८० वर सेट केलेला. कागदावर सगळं बसत होतं. ब्रेकर एकदाही ओव्हरलोडवर पडलेला नव्हता, आणि पडणारही नव्हता, कारण ब्रेकरला अँपिअर कळतात, जमिनीखाली ७५ सेंटिमीटरवर काय चाललंय ते कळत नाही.

चर उघडल्यावर

तिसऱ्या फॉल्टच्या दुरुस्तीसाठी चर उघडणारच होते. मी मुकादमाला म्हटलं, घाई करू नका, थर थर काढा, आणि प्रत्येक थराची मुठभर माती मला डब्यात भरून द्या. झाकण घट्ट लावून.

वरची माती फावड्याला दाद देत नव्हती. माळव्याची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून बनलेली, बारीक कणांची, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आक्रसून भेगाळणारी. "डग डग रोटी, पग पग नीर" ही इकडची म्हण याच जमिनीची. पण मेमध्ये त्या भेगांत माझा अख्खा हात कोपरापर्यंत गेला. विटांचा थर काढला आणि रेती लागली. ती रेती मुठीत घेतली तर बोटांमधून झरझर निसटून गेली, दाण्याला दाणा चिकटत नव्हता. साखरेसारखी. चराच्या भिंतीतली काळी माती, जेमतेम ३० सेंटिमीटर अंतरावरची, हाताला अजून किंचित गार लागत होती आणि दाबली तर तिचा गोळा होत होता. रेतीचा मात्र थेंबाशी संबंध उरला नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली, ती मी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहिली. केबलीच्या वरच्या अंगाला रेती नव्हतीच. रेती भेगांमधून खाली आणि बाजूला ओघळून गेली होती आणि केबलीच्या पाठीवर बोटभर लांबीच्या, दोन-तीन मिलिमीटर उंचीच्या पोकळ्या राहिल्या होत्या. केबल म्हणजे जणू कोरड्या बोळात पडलेली. बाहेरचं काळं आवरण चकाकत होतं आणि नखाने दाबलं तर ताज्या केबलीसारखं दबत नव्हतं, कडक झालं होतं.

रेतीची गादी घालायची पद्धत केबलीला दगड टोचू नये म्हणून आहे, आणि त्या कामाला ती उत्तम आहे. पण आपल्याकडे जी रेती घालतात ती बहुतेक एकाच आकाराच्या दाण्यांची असते. तिच्यातली छिद्रं मोठी. शेजारी काळी माती, तिची छिद्रं अतिसूक्ष्म. टिपकागद जसं शाई ओढतो तशी काळी माती रेतीतलं पाणी ओढून घेते. म्हणजे केबलीला अगदी लगटून असलेला थरच सगळ्यात आधी कोरडा पडतो. संरक्षणासाठी घातलेली गादी उन्हाळ्यात रजई होते. वीस वर्षं मी लोकांना "रेती भरपूर घाला" असं सांगत आलो. त्या चरात उभा असताना ते मला फार लागलं.

माझ्या एका मित्राकडून थर्मल नीडल उसनी आणली होती. हातभर लांब स्टीलची सुई, तिच्या पोटात हीटरची तार आणि एक सेन्सर. सुई मातीत खुपसायची, सुईच्या दर मीटर लांबीमागे १० वॅट इतकी उष्णता द्यायची आणि तापमान लिहीत बसायचं. माती उष्णता पुढे नेत असेल तर सुई कमी तापते, माती अडवत असेल तर सुई जास्त तापते. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत किती अंश वाढले त्यावरून मातीचा उष्णतारोध निघतो. त्याचं एकक केल्विन-मीटर प्रति वॅट. पुढे मी नुसता आकडा लिहितो.

केबलीच्या बाजूच्या रेतीत सुई नऊ मिनिटांत ५.७ अंश चढली. हिशेब लावला, ३.१. चराच्या भिंतीतल्या काळ्या मातीत १.९. मग मी ६० मीटर पुढे, ऑफिसपुढच्या बागेत गेलो, जिथे माळी रोज पाणी देतो. चर तिथूनही जातो. तिथे सुई जेमतेम २ अंश चढली. १.१. त्याच केबली, तोच करंट, आणि तिथे तीन वर्षांत एकही फॉल्ट नाही.

डब्यांतली माती ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवून तोलली. बागेतल्या मातीत वजनाच्या २२ टक्के पाणी, चराच्या भिंतीत ११. रेतीतलं तराजूला मोजण्यासारखंच नव्हतं.

पाणी करतं काय

मातीचे कण उष्णता चांगली नेतात. क्वार्ट्‌झचा दाणा तर फारच चांगली. पाण्याचा रोध साधारण १.६ ते १.७. हवेचा ४० च्या आसपास. आता दोन गोल दाणे एकमेकांना टेकलेले डोळ्यांपुढे आणा. ते फक्त एका टिंबावर भेटतात, बाकी सगळी हवा. उष्णतेला दाण्यातून दाण्यात जायला त्या टिंबाएवढाच पूल. पण त्या टिंबाभोवती पाण्याची बारीक कडी असेल, तर पूल रुंद होतो. ओलसर मातीत उष्णता सहज पसरते ती या कड्यांमुळे. कड्या सुकल्या की दाणे तेच, जागा तीच, वाट मात्र बंद.

आमच्या आजीच्या घरी रात्री चुलीतले निखारे गोवरीच्या राखेखाली झाकून ठेवायचे, ते सकाळी फुंकर घालताच लाल व्हायचे. बाफले भाजणाऱ्या प्रत्येक माळवी घराला हे ठाऊक आहे. कोरडी भुकटी निखाऱ्याची उष्णता धरून ठेवते. इथे निखारा म्हणजे केबल.

गोष्ट इतक्यावर थांबली असती तर बरं होतं. केबल तापली की तिच्याजवळचं पाणी वाफ होऊन गार बाजूला सरकतं आणि तिथे पुन्हा पाणी होतं. ते पाणी सूक्ष्म छिद्रांतून ओढलं जाऊन परत केबलीकडे येतं. जमीन ओली असेल तर ही ये-जा बरोबरीत सुटते. जमीन एका मर्यादेखाली सुकली की जाणारी वाफ जास्त आणि परतणारं पाणी कमी. मग कोरडा थर जाड होत जातो, रोध वाढतो, केबल आणखी तापते, आणखी वाफ जाते. हे चक्र एकदा सुरू झालं की करंट एका अँपिअरनेही न वाढता केबल जळू शकते. फिलिप आणि द व्रीस यांनी उष्णतेमुळे मातीत ओल कशी सरकते याचं गणित १९५७ मध्ये मांडलं. त्याच वर्षी नेहर आणि मॅकग्रा यांनी जमिनीतल्या केबलीची करंट क्षमता काढायची रीत प्रसिद्ध केली, जी आजही वापरात आहे. दोन्ही कामं एकमेकांपासून दूर, दोन वेगळ्या विषयांत झाली. मला वाटतं आपल्या शिक्षणातही ती तशी दूरच राहिली. इलेक्ट्रिकलच्या मुलाला माती कोणी शिकवत नाही.

१९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या चार ११० केव्ही केबली एकीमागून एक गेल्या आणि तिथल्या व्यापारी भागाची सुमारे पाच आठवडे दैना झाली. तो उन्हाळाही कडक आणि कोरडा होता.

सुपरवायझरच्या उन्हाबद्दल दोन शब्द. दिवसाची उष्णतेची लाट मातीत वीतभर-हातभर जाऊन विरते. ७५ सेंटिमीटरवर दुपार आणि पहाट सारखीच. तिथे पोचते ती ऋतूची लाट, हळूहळू. मेमध्ये त्या खोलीवर केबलीपासून दूर मला ३३ अंश मिळाले. मानकात ३० धरतात. तीन अंशांनी केबल जळत नाही.

हिशेब

काकूंना मी ऑफिसात बसून कागदावर हा हिशेब दाखवला. त्या बीएस्सी गणित आहेत, चाळीस वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा भराभर केला.

३०० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा विद्युतरोध ९० अंशांवर किलोमीटरला सुमारे ०.१३ ओहम. २६० अँपिअर धरले तर एका कोअरमध्ये मीटरला ८.८ वॅट, तीन कोअर मिळून २६.४ वॅट. दोन केबलींचे जवळपास ५३. "म्हणजे दर मीटरला जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता पुरली आहे," काकू म्हणाल्या. अगदी तसंच. आणि तो बल्ब दिवसरात्र चालू.

ही उष्णता शेवटी जमिनीच्या पृष्ठभागावर येऊन हवेत जाते. वाटेतल्या मातीने किती अडवलं हे काढायची युक्ती केनेली यांनी १८९३ मध्ये दिली. केबल जितकी खोल आहे तितक्याच उंचीवर, जमिनीच्या वर, तिची एक उलटी प्रतिमा आहे असं समजायचं. आरशातल्यासारखी. केबल उष्णता सोडते, प्रतिमा तेवढीच शोषते. मग गणित लॉगरिथमवर येतं. आमच्या चरासाठी, केबलीची जाडी ६५ मिलिमीटर आणि खोली ७५ सेंटिमीटर धरून, केबलीच्या स्वतःच्या उष्णतेचा गुणक आला ०.६१. शेजारच्या चिकटलेल्या केबलीचा ०.५०. हा दुसरा आकडा बघून काकू थांबल्या. "शेजारीण एवढं तापवते?" हो. चिकटून पडलेली जोडीदारीण केबलीला जवळपास तिच्या स्वतःइतकंच तापवते.

दोन्ही मिळून १.१. म्हणजे आवरणाचं तापमान जमिनीपेक्षा किती वाढणार? वॅट गुणिले मातीचा रोध गुणिले १.१. केबलीच्या आतल्या थरांमुळे कंडक्टर, म्हणजे आतली ॲल्युमिनियमची तार, त्याहून पाचेक अंश वर.

माती १.५ धरली, जो आकडा आपल्याकडचे केबल कॅटलॉग धरतात, तर कंडक्टर ८० अंशांच्या आसपास राहतो. एक्सएलपीईची कायमची मर्यादा ९०. ठेकेदाराने हाच हिशेब केला होता आणि तो चूक नव्हता. आता १.५ च्या जागी ३ घाला. कंडक्टर १२० च्या पुढे जातो. या मातीत या दोन केबलींची खरी क्षमता प्रत्येकी सुमारे २०० अँपिअर. घेत होतो २६०.

पोकळ्यांचा हिशेबही केला, कारण मला त्या दिसल्यापासून त्याच मुख्य गुन्हेगार वाटत होत्या. तीन मिलिमीटरची फट सगळीकडून धरली तरी जेमतेम आठ अंश वाढतात. फटीतून उष्णता किरणांनीही जाते, त्यामुळे ती वाटते तितकी घातक नाही. दिसायला भयंकर, हिशेबात दुय्यम. खरा अडसर तो रेतीचा आणि मातीचा कोरडा थर.

आणि हे मेमध्येच का? पाऊस सप्टेंबरअखेर संपतो. बागेत पाणी मिळतं. शेडखाली चार वर्षं पावसाचं पाणी थेट मुरलेलंच नाही. उरलंसुरलं कडुनिंबाची मुळं पितात, आणि चैत्र-वैशाखात नवी पालवी आली की जास्तच. मार्चमध्ये बटाटा भरला जातो, तेव्हापासून लोड चढा. जमिनीतलं चक्र दिवसांनी नाही, आठवड्यांनी फिरतं. दोन महिन्यांनी केबल जाते. शेड बांधल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पहिला फॉल्ट झाला होता, हे मी विचारल्यावर काकूंनी डायरी काढून पाहिलं.

बावीस दिवसांची वही

पूर्ण चर त्या मेमध्ये उघडणं शक्य नव्हतं. चेंबरमध्ये हजारो कट्टे बटाटा होता. सहा मीटरचा तुकडा बदलला, त्याच मातीने भरला. फक्त एवढं केलं, की केबलीच्या आवरणावर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, बांधले, तारा वर काढल्या, आणि एक कॉम्प्रेसर बंद ठेवायला लावला. करंट प्रत्येक केबलीत २३० वर आला. मशीन रूमच्या ऑपरेटरला रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता वहीत आकडा लिहायला सांगितलं. त्याने बावीस दिवसांत एकही नोंद चुकवली नाही.

त्या वहीइतका स्पष्ट पुरावा मला आयुष्यात क्वचित मिळाला आहे. पहिले चार दिवस तापमान भराभर चढलं, मग हळू, आणि आठव्या दिवशी ६८ अंशांवर थबकलं. नववा, दहावा, अकरावा, बारावा: ६८, ६८, ६८, ६९. सुपरवायझर म्हणाला, झालं, स्थिर झालं. उलटा हिशेब लावला तर माती १.५ च्या जरा वर. नुकतीच खणून भरलेली माती अजून ओल धरून होती.

तेराव्या दिवशी ७०. चौदाव्या ७२. करंट तोच, २३०. पंधराव्या ७४. त्यानंतर रोज दोनेक अंश. बाविसाव्या दिवशी सकाळी ८९. उलटा हिशेब, २.५. करंट न वाढता तापमान दुसऱ्यांदा चढू लागतं, तेव्हा माती सुकायला लागली आहे असं समजायचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. ऑपरेटरच्या निळ्या बॉलपेनच्या अक्षरात ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

माळ्याने टँकर मागवला आणि चरावर ओतला. पाणी भेगांमधून सरसर खाली गेलं आणि दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी तापमानात एका अंशाचा फरक. मग आम्ही बागेतली ठिबकची नळी चरावर अंथरली आणि अगदी थेंब थेंब, दिवसरात्र चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी भेगांचे ओठ मिटायला लागले. काळी माती पाणी पिऊन फुगली की भेग स्वतः बुजवते, मग पाणी पळून न जाता मुरतं. सहा दिवसांत ८९ चे ७८ झाले. तो हंगाम त्या नळीवर निघाला.

चर पुन्हा भरताना

ठिबक हा उपाय नव्हे. एक दिवस नळी तुंबली की पुन्हा तेच. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे झाडं काढणं, तो सुपरवायझरने सुचवला. काकू एवढंच म्हणाल्या, "ती ह्यांनी लावली आहेत." विषय तिथेच संपला, आणि मला तो संपलेला बरा वाटला. कारण झाड काढून माती ओली राहीलच याची खात्री नाही, शेड तर तिथेच होती. आपल्याला हवी होती अशी भर, जी पूर्ण कोरडी झाली तरी उष्णता नेईल.

दिवाळीनंतर, चेंबर रिकामी झाल्यावर, ४० ते ६० मीटरचा पट्टा उघडला. रेती टाकून दिली. तिच्या जागी नर्मदेची जाडी-बारीक मिसळलेली रेती, क्रशरची गिट्टीची चुरी, आणि १४ भागांना एक भाग सिमेंट. एकाच आकाराचे दाणे नकोत, हे मुद्दाम. मोठ्या दाण्यांच्या फटीत मधले, मधल्यांच्या फटीत बारीक, त्यांच्या फटीत चुरीची भुकटी. हवा कमीत कमी राहिली पाहिजे. सिमेंट मजबुतीसाठी नाही, बारीक कण पाण्याबरोबर वाहून जाऊ नयेत आणि दाणे एकमेकांना धरून राहावेत एवढ्यापुरतं. पुढे कधी खणायचं झालं तर गैतीने फुटेल इतपतच.

मुकादमाला माझा सगळ्यात जास्त राग आला तो कुटाईवरून. १५ सेंटिमीटरचा थर, जरासं ओलं करून, धुम्मसने कुटायचा, मग पुढचा थर. त्याला वाटत होतं केबलीच्या आसपास कोण एवढं कुटतं. मी त्याला सुई दाखवली. नुसत्या ओतलेल्या मिश्रणाचं एक टोपलं आणि कुटलेल्या मिश्रणाचं एक, दोन्ही उन्हात आठवडाभर वाळवलेली. ओतलेल्यात २ च्या वर, कुटलेल्यात १.२. सामान तेच. त्यानंतर तो स्वतः धुम्मस धरून उभा राहिला.

केबली ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवल्या. शेजारणीचा गुणक ०.५० वरून ०.२६ वर आला. सत्तर सेंटिमीटर रुंद आणि पन्नास उंच असा हा गाभा, बाहेरची काळी माती मी २.५ धरली, म्हणजे वाईटच धरली. ५२० अँपिअरला कंडक्टर ८० ते ८२ अंशांत बसत होता. कडुनिंबाच्या बाजूला जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा गाडला, मुळं गाभ्यात शिरू नयेत म्हणून. शेडच्या पागोळीचं पाणी पन्हळीने उचलून चराच्या कडेला सोडलं.

काकूंनी विचारलं की याच पैशात जाडी केबल का नाही टाकायची. प्रश्न योग्य होता. ३०० च्या जागी ४०० टाकली तर उष्णता साधारण एक पंचमांश कमी होते. मातीचा रोध ३ वरून १.२ वर आणला तर त्या थरातली तापमानवाढ निम्म्याहून खाली येते. शिवाय चुरी केबलीच्या मानाने मातीमोल.

पुढच्या मेमध्ये चारही कॉम्प्रेसर चालले. वही तीच, ऑपरेटर तोच. आवरणाचं तापमान दहाव्या दिवशी ७४ वर आलं आणि तीन आठवडे ७४-७५ मध्येच राहिलं. मी रोज सकाळी साडेसहाला त्याच्या फोनची वाट बघायचो, तेराव्या दिवशी जरा जास्तच. अठराव्या दिवशी काकूंनी स्वतः फोन करून आकडा सांगितला.

बागेकडचा ५० मीटरचा भाग अजून जुन्याच रेतीत आहे, कारण तिथे माळ्याचं पाणी आहे. ऑफिस पुढे सरकवून बागेच्या जागी ट्रकसाठी फरशी करायचं काकूंच्या मुलाच्या मनात आहे. मी त्याला नकाशावर चर लाल पेन्सिलने आखून दिला आहे, आणि फरशीचा ठेका देण्याआधी मला बोलावून सुई टोचू दे, असं सांगून ठेवलं आहे.